डेलबर्ट राशचे साचे

माझ्या टपालाच्या रस्त्यावरचं शेवटचं घर डेलबर्ट राशचं. त्याच्यापुढे नुसते गवताचे माळ आणि खाली नदी. मॉन्टानाच्या या कोपऱ्यात लोकांना येऊन येऊन येतं काय, तर बियाणं, औषधं आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग. डेलबर्टला मात्र यायचे साचे. खोका विटेएवढा, पण उचलला की मनगट खाली ओढायचा. आत लोखंडाचे, पितळेचे, क्वचित अॅल्युमिनियमचे दोन ठोकळे, मिटले की मध्ये बंदुकीच्या गोळीच्या आकाराची पोकळी. वरून वितळलेलं शिसं ओतायचं, जरा थांबायचं, ठोकळे उघडायचे, गोळी टपकन खाली. असे साचे त्याच्या स्वयंपाकघरातल्या खणात इतके झाले होते की चमचे बिचारे खिडकीत राहायला गेले.

"पुन्हा साचा?" मी खोका टेबलावर आपटत विचारायची. "बायको केली असतीस तर तिनेही एवढी जागा अडवली नसती."

"बायको मापाची निघाली नाही तर परत पाठवता येत नाही," तो म्हणायचा.

"साचे तरी कुठे परत पाठवतोस?"

यावर तो कॉफी ओतायचा. कॉफी भयंकर. मी ती वर्षानुवर्षं पीत आलेय, त्यामुळे माझा त्याच्यावर काहीएक हक्क आहे असं मी धरून चालते.

हे सगळे साचे एकाच रायफलसाठी. डेलबर्टच्या आजोबांची जुनी फौजी रायफल, ट्रंकेच्या झाकणासारखं मागचं झाकण वर उचलून काडतूस घालायची. तिची काडतुसं दुकानात मिळतात ती कामाची नाहीत, घरीच करावी लागतात. आमच्या खोऱ्यात दर जूनमध्ये जुन्या रायफलींची मॅच होते. पार लांब टेकडीच्या पायथ्याशी लोखंडी पत्र्याचा गवा उभा करतात. तो इथून माशीएवढा दिसतो. मॅचची पहिली गोळी त्याच्यावर झाडायचा मान पूर्वी राश घराण्याचा होता. डेलबर्टचे आजोबा ती झाडायचे, जरा वेळाने लांबून पत्र्याचा ठण्ण आवाज यायचा, मग बाकीचे लोक बंदुका बाहेर काढायचे. माझी आई सांगायची, तो आवाज आल्याशिवाय बायका जेवणाचे डबेसुद्धा उघडायच्या नाहीत.

तो मान गेला. का गेला ते खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

आजोबा वारले त्या हिवाळ्यात राशांची शेड जळाली आणि तिच्यात आजोबांचा साचा वितळून गेला. डेलबर्टचा बाप एमिल, माणूस मोठा चोख. इंजिन उघडलं तर शेवटच्या वॉशरपर्यंत मोजून परत बसवणार. 'एमिलने मोजलंय' म्हटलं की इथे कुणी दुसऱ्यांदा मोजायचं नाही. त्याने मऊ शिशाचा गोळा रायफलच्या नळीतून ठोकून पार केला, त्यावर नळीचा ठसा उमटला, तो व्हर्निअरच्या दोन जबड्यांत धरून जाडीचं माप घेतलं. माप कॅटलॉगमधल्या मापाशी तंतोतंत जुळलं. त्या मापाचा जाड लोखंडी साचा त्याने मागवला आणि त्यावर आपल्या नावाची अक्षरं कोरली.

त्याच हिवाळ्यात डेलबर्टने, तेव्हा तो सोळाचा असेल, बापाला मदत म्हणून रायफल साफ केली. लोखंडी गज घेतला आणि तो तोंडाच्या बाजूने आत घातला. तसं करायचं नसतं, नळीच्या तोंडाला ओरखडा गेला तर गोळी भरकटते. ओरखडा गेलाच. बारीक, पण गेला.

जूनमध्ये एमिल मान घ्यायला उभा राहिला. गव्याला काही लागेना. कागद लावून बघितलं, तर गोळ्या कुठच्या कुठे, आणि भोकं गोल नाहीत, लांबट. गोळी नाकासमोर न जाता आडवी होऊन कागदातून गेलेली. एमिलने नळीचं तोंड बघितलं, ओरखडा बघितला, आणि मॅच भरवणाऱ्या सगळ्या क्लबसमोर पोराला बाकावर उभं केलं. "सांग यांना काय केलंस ते," म्हणाला. डेलबर्टने सांगितलं. माफी मागितली. मान दुसऱ्या घराण्याकडे गेला आणि एमिलने ती रायफल भिंतीवर टांगली ती पुन्हा खाली घेतली नाही.

बाप गेल्यावर डेलबर्टने ती उतरवली आणि साचे मागवायला सुरुवात केली. नळी आपण बिघडवलीच आहे, पण बिघडलेल्या नळीलाही मानवेल अशी एखादी गोळी असेलच की, हा त्याचा हिशेब. चपट्या नाकाची बघितली, टोकदार बघितली. लांब, आखूड, जड, हलकी. शिशात कथील कमी घालून बघितलं, जास्त घालून बघितलं. गोळ्या आडव्याच. मॅचला लोक विचारायचे, "काय डेलबर्ट, यंदा कुठला साचा?" आणि कोपराने एकमेकांना ढोसायचे. असली माणसं माझ्या डोक्यात जातात. डेलबर्ट त्यांना नीट उत्तर द्यायचा, हा साचा असा, तो तसा, आणि मी मनात म्हणायची, अरे बाबा, गप्प तरी बस.

मग डोळे. उजवा आधीच गेला होता. म्हणजे कडेकडेचं दिसायचं, मधोमध काळा डाग. आता डाव्यातही तेच सुरू झालं. बिलिंग्ज शहरातल्या डॉक्टरने डोळ्यात इंजेक्शनं दिली, आणि शेवटी सांगितलं की बर्फ पडायच्या सुमारास याही डोळ्याने समोरचं दिसणार नाही. हे मला डेलबर्टने सांगितलं ते दूध फाटलंय असं सांगावं तशा आवाजात. आणि पुढे कॅटलॉग सरकवला.

"वाच मला. साचे कुठल्या पानावर आहेत बघ."

"डेलबर्ट, तुला आंधळा होणार म्हणून सांगितलंय आणि तू साचे बघतोयस?"

"म्हणूनच बघतोय ना. अजून एकदाच जमेल मला. एकच निवडायचाय."

तेव्हापासून रोज टपाल टाकून झालं की मी त्याच्या टेबलाशी बसून कॅटलॉग वाचायची. गोळीचं नाक असं, वजन इतकं, वंगण भरायला खोबण्या तीन. तो मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने चित्रावर बोट फिरवायचा. एक निवडायचा, लगेच म्हणायचा, "नको, असाच तो हिरव्या खोक्यातला होता." दुसरा निवडायचा, पुन्हा नको. असे दिवसच्या दिवस. एकदा कॅटलॉग मिटून म्हणाला, "लोर्ना, मी मेलो की ही रायफल माझ्याबरोबर पुरा. कुणाला देऊ नका. लोक हसतील तिला."

मला इतका राग आला. कुणाचा ते कळेना म्हणून मी त्याच्यावरच ओरडले. "मरायचं असेल तेव्हा मर. आत्ता फोन लाव. साचे बनवणारा कुणी माणूस असेल ना जिवंत, त्याला विचार."

असा माणूस होता. आयडाहोत, ओकरमन नावाचा. मागणीप्रमाणे एकेक साचा हाताने कातून द्यायचा. डेलबर्ट त्याला फोन करायचं का टाळत होता तेही मला तेव्हाच कळलं. परक्या माणसाला आधी सांगावं लागलं असतं, की नळी मी बिघडवली.

मी नंबर फिरवला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

"नंबर लागायला वर्षाच्या वर जाईल," ओकरमन म्हणाला. आवाज खरखरीत, मागे यंत्र चाललेलं. "चालेल का?"

डेलबर्टचा चेहरा पडला. "नाही चालणार. पण मग तुम्हीच सांगा, तयार साच्यातला कुठला घेऊ?" आणि त्याने सगळं सांगितलं. गज, ओरखडा, आडव्या गोळ्या. बाकावर उभं केलेलं मात्र सांगितलं नाही.

"ओरखडा केवढा?"

"नखाला लागतो एवढा."

"एवढ्याशा ओरखड्याने नेम हलेल थोडासा. गोळी आडवी नाही व्हायची," ओकरमन म्हणाला. "आडवी होतेय म्हणजे गोळीला गरगर फिरवणाऱ्या नळीतल्या खाचांना ती धरतच नाहीये. बारीक आहे तुमची गोळी. माप कुणी घेतलं?"

"माझ्या वडिलांनी."

"कशाने?"

"व्हर्निअरने."

"नळीत खाचा किती आहेत?"

"तीन."

पलीकडे यंत्र बंद झालं.

"तीन खाचांचा ठसा व्हर्निअरमध्ये धरून मोजला त्यांनी?" ओकरमनने सावकाश विचारलं. "अहो, खाचा चार असतील तर एकीच्या बरोबर समोर दुसरी येते. तीन असतील तर खाचेसमोर खाच नसतेच, समोर दोन खाचांमधला सपाट भाग येतो. माप कमीच येणार. आणि या रायफलींची गंमत अशी, की ते कमी आलेलं माप कॅटलॉगातल्या मापाशी जुळतं. म्हणून कुणाला शंकाही येत नाही. तुम्ही स्वतः कधी मोजलं नाहीत?"

मीच म्हणाले, "इथे एमिलने मोजलं की कुणी मोजत नाही."

"मग आता मोजा. गोळ्या मापात आणायच्या कड्या आहेत का तुमच्याकडे? नवा ठसा घ्या आणि तो कुठल्या कडीतून जातो ते बघा. कडी खोटं बोलत नाही."

कड्या होत्या. कुणाच्या तरी लिलावात घेतलेला अख्खा संच, त्यातली एकच कडी डेलबर्टने आयुष्यभर वापरली होती, बापाच्या मापाची. त्याने मऊ शिशाचा गोळा केला, रायफलच्या तोंडाशी ठेवला, आणि तिथेच थांबला. हातात लाकडी दांडा होता, लोखंडी नव्हता, तरी हात पुढे जाईना. मग मी डोळे मिटून हातोडीने पहिला ठोका घातला. पुढचे त्याने घातले. गोळा नळीतून सरकत सरकत दुसऱ्या बाजूने तळहातावर पडला.

बापाच्या मापाच्या कडीवर त्याने तो ठेवला. जाईना. अंगठ्याने दाबला, तरी जाईना. पुढची कडी घेतली. नाही. त्याच्या पुढची. नाही. तो एकेक कडी बोटांनी चाचपून घेत होता आणि मी काठावरचा आकडा मोठ्याने वाचत होते. संच संपत आला तेव्हा कुठे शेवटून दुसऱ्या कडीत तो गोळा अलगद बसला आणि खाली पडला.

"म्हणजे मी घेतलेले सगळे साचे," डेलबर्ट म्हणाला, आणि वाक्य पुरं केलं नाही. नाक बदललं होतं, वजन बदललं होतं, धातू बदलला होता. जाडी कधी बदललीच नव्हती.

मला वाटलं आता हा खूश होईल. छे. तो आणखीच घाबरला. "हे खरं असेल तर?" म्हणाला. "आणि खरं नसेल तर? लोर्ना, मी आशा धरायची की नाही तेवढं सांग."

इतक्या जाड मापाचा तयार साचा कॅटलॉगमध्ये नव्हता. ओकरमनचा यायच्या आत डोळा जाणार. एकच वाट उरली, असलेल्यांपैकी एखादा साचा आतून घासून मोठा करायचा. ओकरमननेच कृती सांगितली. त्याच साच्यात गोळी ओतायची, तिच्या बुडात स्क्रू बसवायचा, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट तिला फासायची, साचा तिच्यावर मिटायचा आणि फिरवत राहायचं. जास्त घासलं की संपलं, धातू परत येत नाही.

आम्ही खण टेबलावर उपडा केला. अॅल्युमिनियमचे आधी बाजूला, त्यांच्यात पेस्ट रुतून बसते. पितळी मऊ, वेडेवाकडे झिजतील. लोखंडी होते त्यांतल्या दोन साच्यांची गोळी आखूड, एकाच्या भिंती पातळ. शेवटी टेबलावर एकच उरला. जाड, काळा, बाजूला एमिलची अक्षरं.

"हा नको," मी म्हणाले. "तुझ्या बापाची एवढीच वस्तू आहे घरात."

"पहिल्या दिवसापासून चुकीची आहे ती."

"असू दे. एकदा घासलास की परत यायचा नाही."

"माहीत आहे गं मला." तो चिडून म्हणाला. पहिल्यांदाच चिडला माझ्यावर. मग साचा दोन्ही हातांत धरून बसून राहिला. "कड्या चुकीच्या असल्या तर? ओकरमन चुकला तर? रायफल मी घालवलीच होती, आता म्हणतील, बापाचा साचाही यानेच घालवला."

"कोण म्हणतील? मी सोडून कोण येतं तुझ्याकडे?"

"मीच म्हणेन," डेलबर्ट म्हणाला.

पेस्टचा डबा मात्र त्यानेच उघडला.

लोखंड लवकर झिजत नाही. माझी टपालगाडी दुपारी त्याच्या फाटकाशी उभी असायची आणि रस्त्यावरचे लोक, त्यांची पत्रं आधीच पोचलेली असूनसुद्धा, उगाच कुरकुरायचे की लोर्ना हल्ली राशकडेच असते. असेन. पुन्हा बांधलेल्या शेडमध्ये गॅसच्या शेगडीवर बिडाच्या भांड्यात शिसं, वर ते साफ करायला टाकलेल्या मेणाचा धूर, आणि तो स्टुलावर बसून साचा मिटून स्क्रू फिरवतोय. थोडं घासायचं, धुवायचं, गोळी ओतायची, कडीला लावून बघायची. त्याला कडी दिसत नव्हती, बोटांनीच करायचा. मधल्या काळात डाग वाढत होता. एकदा त्याने पळीभर शिसं साच्याऐवजी बाकावर ओतलं, माझ्या हाताच्या अगदी शेजारी. पळी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "उशीर झाला," म्हणाला. "सगळ्यालाच उशीर झाला." मी पळी उचलली. पुढचं ओतकाम मी केलं, माझ्या गोळ्यांना सुरकुत्या पडायच्या, त्या पुन्हा भांड्यात जायच्या. त्याचं घासणं चालू राहिलं. मग एक दिवस गोळी त्या शेवटून दुसऱ्या कडीत जाईना, जेमतेम अडकली, म्हणजे नळीच्या ठशाहून केसभर जाड झाली, आणि तो म्हणाला, "बस. आता हात नाही लावायचा."

पाच काडतुसं भरली. बंदुकीची काळी दारू तो मापट्याने, डोळ्यांनी न बघता, कानाशी धरून भरायचा, घसरण्याचा आवाज ऐकून.

मॅचला अजून अवकाश होता, डोळ्याला नव्हता. गावामागच्या खडीच्या खाणीत, भर दुपारच्या उन्हात आम्ही गेलो. मी पांढरी चादर ताणून बांधली, तिच्या मधोमध काळा कागद लावला, चांगला परातीएवढा. तेवढं त्याला दिसत होतं, म्हणजे मान वळवली की कडेला दिसायचं, सरळ बघितलं की नाहीसं व्हायचं. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून तो किती वेळ नुसता मान इकडून तिकडे करत होता. मला बघवेना.

मग रायफल कडाडली. पांढरा धूर. पुन्हा भरली, पुन्हा. पाचही काडतुसं झाडून त्याने झाकण उघडलं आणि बाकावर हात ठेवून बसला.

"तू जाऊन बघ," म्हणाला. "नाही, थांब. मला ने."

मी त्याचा दंड धरून त्याला चादरीपाशी नेलं. लांबूनच मला दिसलं होतं, पण मी तोंड मिटून ठेवलं. त्याने हात पुढे केला, कागद चाचपला, भोक सापडलं. बोट त्याच्या कडेने फिरवलं.

"गोल आहे."

"हो."

त्याच्या शेजारीच दुसरं. तिसरं. सगळी भोकं त्याच्या तळहाताखाली झाकली जातील एवढ्यात होती, आणि सगळी गोल. आडवं एकही नव्हतं. मी हसायला लागले, त्याच्या पाठीत धपाटा घातला, रडलेही असेन. डेलबर्ट हसला नाही. त्याने ते भोक पुन्हा चाचपलं.

"मी बाकावर उभा राहिलो होतो, लोर्ना," तो म्हणाला. "आई गेली तेव्हा पापांना सॉरी म्हणालो, कारण तिला वाटायचं आमचं पुन्हा जमावं. ते आजारी होते तेव्हा पलंगाशी बसून म्हणालो. ते म्हणाले, आता काय उपयोग." त्याचा आवाज चढला. "मग मी कशाची माफी मागत होतो? सांग ना. सगळा जन्म कशाची माफी मागत होतो मी?"

"तुझा बाप गाढव होता," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. "गाढव आणि दुष्ट. स्वतः चुकला आणि पोराला बाकावर चढवलं."

"नको तसं बोलू."

"का नको? आता तरी नको म्हणू नकोस."

तो खडीवर खाली बसला. ऊन चांगलंच होतं आणि त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे माझ्या जरा बाजूला.

"मान गेल्यावरही मॅचच्या दिवशी पापा वरच्या रस्त्याला गाडी लावून बसायचे," तो म्हणाला. "खाली यायचे नाहीत. काच खाली करून, पहिली गोळी ऐकायला. मला माहीत होतं, मी बघायचो. दरवर्षी जायचे. त्यांना या रायफलीशिवाय जगात दुसरं काही आवडायचं नाही, लोर्ना. आणि ती घरात भिंतीवर चांगली होती. सगळा वेळ चांगली होती."